प्रवाळाचे निदान

मराठी घरात प्रवाळ दोन वाटांनी येते. सोनाराकडून येते ते पोवळे आणि वैद्याकडून येते ती प्रवाळपिष्टी. एक दागिना, दुसरे औषध. त्यामुळे प्रवाळ स्वतः आजारी पडते, त्याच्या रोगांनाही नावे आहेत आणि ते ओळखण्याचे एक शास्त्र आहे, हे ऐकले की आपण थोडे चकित होतो. (सोनाराचे तांबडे पोवळे वेगळ्या जातीचे, येथे बोलायचे आहे ते समुद्रात भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांविषयी.)

असे प्रवाळ म्हणजे चुन्याचे घर बांधणाऱ्या इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले बिऱ्हाड करून असतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचा रंगही बराचसा त्यांचाच. पाणी फार तापले की हा संसार मोडतो. शैवाले बाहेर पडतात आणि पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला मराठीत ‘विरंजन’ म्हणतात. विरंजक चूर्णामुळे शब्द शाळेपासून ओळखीचा आहे, पण थोडा फसवा आहे. बाहेरून कोणी रंग धुऊन काढलेला नसतो. रंगच घर सोडून गेलेला असतो. प्राणी मात्र जिवंत असतो, उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी निवले तर शैवाले पुन्हा वस्तीला येऊ शकतात.

अनुवादाच्या तासाला मी अधूनमधून विज्ञानवार्ता देते. विरंजनाची बातमी दिली की निम्म्या वह्यांत ‘मृत प्रवाळे’ असे उतरते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्तमानपत्रांतही तेच वाचायला मिळते. पण आजारी माणसाची बातमी देताना आपण त्याला मृत म्हणत नाही, आणि म्हटले तर डॉक्टरला बोलावण्याचे कारणच उरत नाही.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांपैकी पूर्वरूप, म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची चिन्हे. प्रवाळांच्या बाबतीत हे काम आपल्याच हैदराबादेत चालते, ही गोष्ट येथल्या मराठी वाचकांनाही फारशी ठाऊक नसते. प्रगतीनगरला ‘इन्कॉइस’ ही समुद्रविषयक माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दख्खनच्या खडकावर बसून तेथील शास्त्रज्ञ अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छचे आखात आणि मन्नारचे आखात येथील प्रवाळांसाठी विरंजनाचा इशारा देतात.

रीत समजायला सोपी आहे. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याचे नेहमीचे सरासरी तापमान धरायचे. उपग्रहाने मोजलेले पाणी त्याहून किमान एक अंशाने तापले की हिशेब सुरू. किती अंश जास्त आणि किती आठवडे, याची मागच्या बारा आठवड्यांची बेरीज करायची. एक अंश जास्त ताप चार आठवडे टिकला तर चार ‘अंश-आठवडे’. दोन अंश दोनच आठवडे टिकला तरी चारच. चारच्या पुढे विरंजनाची धास्ती, आठच्या पुढे प्रवाळे मरू लागण्याची. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ साली असे विरंजन सोसले, आणि एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातल्या चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा झाली.

पण उपग्रहाला कळतो तो ताप. रोग त्याला दिसत नाही. त्यासाठी माणसाने पाण्यात उतरून ‘रूप’ पाहावे लागते, आणि खरी पंचाईत तेथे सुरू होते, कारण पांढरा डाग अनेक कारणांनी पडतो. विरंजनात पांढऱ्यावर जिवंत मांसाचा पातळ पापुद्रा असतो. जवळून पाहिले तर इवली तोंडे आणि त्यांचे स्पर्शक दिसतात. काटेरी मुकुटासारखा दिसणारा एक तारामासा आपले जठर बाहेर काढून प्रवाळावर पसरतो व मांस जिरवून टाकतो. मागे उघडा सांगाडा राहतो. पोपटमासा चावला तर सांगाड्यालाही ओरखडे असतात. रोगात बहुधा जिवंत आणि उघड्या भागांमध्ये एक सीमा असते आणि ती दिवसागणिक पुढे सरकते. १९७३ साली कॅरिबियन भागातून नोंदवलेल्या काळ्या पट्टीच्या रोगात ही सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते. काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर रुंदीची, जिवाणूंची ती काळी पट्टी मांस खात जाते आणि मागे पांढरा सांगाडा ठेवते.

महाराष्ट्रात हे सारे दूरचे नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तेथल्या टर्बिनेरिया या पानांसारख्या पसरणाऱ्या प्रवाळावर सांगाड्याच्या विकृत गाठी नोंदवल्या. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अशा गाठी म्हणजे विरंजन नव्हे, आणि अंश-आठवड्यांची बेरीज करून त्या कळणार नाहीत.

रूप कळले तरी कारण कळतेच असे नाही. रोग्याच्या अंगावर जिवाणू सापडला म्हणून तोच गुन्हेगार ठरत नाही. तो वेगळा करून, वाढवून, निरोगी प्रवाळाला देऊन तोच रोग होतो का, हे पाहावे लागते. फार थोड्या प्रवाळरोगांत हे जमले आहे. फ्लोरिडाच्या पाण्यात एका फांदीदार प्रवाळाला होणाऱ्या ‘पांढऱ्या देवी’च्या रोगात ते जमले. २००२ साली सेराशिया नावाच्या जिवाणूकडे बोट गेले, आणि २०११ साली सिद्ध झाले की माणसाच्या सांडपाण्यातला त्याचा वाण हा रोग घडवतो. माणसापासून प्राण्याला, तेही कण्याशिवायच्या! येथे औषधोपचार समुद्रात नाही, गावच्या गटारावर करायचा आहे. म्हणूनच मला शब्दाचा आग्रह धरावासा वाटतो. विरंजनाला ‘रोग’ म्हटले की आपण जंतू शोधत बसतो. रोगाला ‘विरंजन’ म्हटले की सारा दोष हवामानावर टाकून मोकळे होतो.

इन्कॉइस मच्छीमारांना मासळी कोठे मिळेल याचा सल्ला मराठीतूनही पाठवते. म्हणजे समुद्राची माहिती किनाऱ्याकडे जाताना मराठीतून जाते. उलट दिशेनेही ती मराठीतून येऊ शकेल. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेणारी मुले प्रवाळे वारंवार पाहतात. त्यांच्यासाठी मराठी नोंदवही करायची तर तीत मोठे पारिभाषिक शब्द नकोत. निदान चार प्रश्न हवेत. पांढऱ्यावर मांस आहे का? कड धूसर आहे की रेखीव? सांगाडा ओरखडलेला आहे का? गाठ आहे का? शेजारी मोजपट्टी धरून, प्रवाळाला हात न लावता, छायाचित्र घ्यावे आणि आठवड्याने त्याच जागी दुसरे घ्यावे. मधली रेखीव कड पुढे सरकली असेल, तर नोंदीतून ‘विरंजन’ हा शब्द खोडावा.