चेहऱ्याची लाली : प्रत्येक पुळी मुरुमाची नसते

चाळिशीच्या एक बाई तोंडावर पदर धरूनच दवाखान्यात आल्या. गाल आणि नाक लाल, त्यावर बारीक पुळ्या. "स्वयंपाकाला उभी राहिले की तोंड नुसतं पेटतं," म्हणाल्या. कुणी उष्णता सांगितली, कुणी पित्त. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा स्वच्छ! ट्यूब थांबवली की लाली दुप्पट. असे सहा महिने चालले होते.

या विकाराला रोझेशिया म्हणतात. तो बहुधा तिशीनंतर सुरू होतो. स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. पुरुषांत मात्र कधी कधी नाकाची त्वचा जाड व खडबडीत होते. लाल नाक पाहून लोक दारूचा संशय घेतात. पण थेंबही न घेणाऱ्याला हा विकार होतो. तो संसर्गजन्य नाही.

ओळखावा कसा?

चेहऱ्याच्या मध्यभागी लाली, आग, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आणि पुळ्या ही लक्षणे. मुरुमांत दिसणारी काळी-पांढरी टोके यात नसतात. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे निदान चुकते. डोळे चुरचुरणे, वारंवार रांजणवाडी होणे हीही लक्षणे असू शकतात. अशा वेळी डोळे जरूर तपासून घ्या.

चेहऱ्यावर चट्टे व बधिरपणा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्याचे उपचार शासकीय रुग्णालयांत मोफत मिळतात. लालीसोबत सांधे दुखत असतील, तर ल्युपसची शंका घ्यावी लागते.

काय टाळावे?

ऊन, उष्णता, तिखट, मद्य आणि मानसिक ताण यांनी लाली उसळते. आपल्या भिवंडीत सायझिंगची वाफ आणि यंत्रमागाच्या शेडमधला उकाडा टाळणे सर्वांना शक्य नाही. निदान मधल्या सुटीत थंड पाण्याने तोंड धुवावे, मोकळ्या हवेत बसावे. चहा सोडायला नको, कोमट करून प्यावा. लिंबू, टूथपेस्ट, ब्लीच, वाफ, जोरात चोळणे चेहऱ्यापासून दूर ठेवा. साधा सौम्य साबण वापरा. बाहेर पडताना ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावा.

ती ट्यूब कोणती?

बाईंच्या ट्यूबवर क्लोबेटासोल लिहिले होते. हे तीव्र स्टिरॉइड. बीटामेथासोन, मोमेटासोन हीही त्याच घराण्यातली. ती चेहऱ्याला काही काळ उजळवतात, मग त्वचा पातळ करतात आणि स्वतःच रोझेशियासारखा विकार निर्माण करतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी गोरे होण्यासाठी ती सर्रास लावली जातात. ट्यूबवरचे नाव वाचायची सवय लावा.

उपचार

हा विकार मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. मेट्रोनिडॅझोल, अॅझेलिक अॅसिड किंवा आयव्हरमेक्टिनची मलमे, गरज पडल्यास डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्या गरोदर स्त्रियांनी घेऊ नयेत. रक्तवाहिन्यांसाठी लेझर असते. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात.

बाईंना आधीच सांगितले होते, की ट्यूब थांबवल्यावर चेहरा काही आठवडे अधिक लाल होईल, घाबरू नका. त्यांनी धीर धरला. तिसऱ्या महिन्यात आल्या, तेव्हा पदर खांद्यावर होता.