गिरगावला ज्ञानकोशात जागा कोण देते?

भारताच्या २०११ च्या जनगणनेत सहा लाख चाळीस हजारांहून अधिक गावे मोजली गेली. त्यातल्या पाच-पंचवीस उंबऱ्यांच्या गावालाही विकिपीडियावर स्वतःचे पान सहज मिळू शकते, कारण सरकारदरबारी त्याची वेगळी नोंद असते. मुंबईतल्या गिरगावसारख्या गजबजलेल्या भागाला मात्र ही सवलत नाही! शहरातल्या पेठेला, वाडीला, मोहल्ल्याला तिथे आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: तुमच्याविषयी त्रयस्थ माणसांनी, भरवशाच्या ठिकाणी, सविस्तर लिहिले आहे का?

ऐकताना हा अन्याय वाटतो. पण गिरगाव नेमके कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कुणालाही विचारून पाहा. महापालिकेच्या विभागांची नावे अक्षरांची आहेत आणि गिरगावची वस्ती सी आणि डी अशा दोन विभागांत पसरलेली आहे. लोकलने जायचे तर उतरायचे चर्नी रोडला. गिरगाव नावाचे मेट्रो स्थानक सुरू झाले ते थेट २०२५ साली. ठाकुरद्वार, मुगभाट, फणसवाडी यांतले काय आत धरायचे, यावर दोन गिरगावकरांचेही एकमत होईलच असे नाही. ज्याची हद्दच अशी सैल, त्याच्यावर नोंद लिहायची कशाच्या आधारावर?

तिथे जे घडले त्याच्या आधारावर. आणि गिरगावात जे घडले ते खरोखर थक्क करणारे आहे. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला तो इथल्या कॉरोनेशन थिएटरात. पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट म्हणून आपण ज्याचे नाव घेतो, तोच. पुढे १४ मार्च १९३१ रोजी अर्देशिर इराणींचा 'आलम आरा', म्हणजे पहिला भारतीय बोलपट, झळकला तोही गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये. एका देशाच्या सिनेमाने पहिले पाऊल टाकले आणि पहिला शब्द उच्चारला, ते दोन्ही एकाच वस्तीत!

मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत बसला, तीही इथलीच. १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ते गिरगाव चौपाटीवर. आणि खोताची वाडी तर नोंदीच्या आत आणखी एक नोंद मागते. पाठारे प्रभू खोतांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी बांधलेली लाकडी व्हरांड्यांची ती घरे. एकेकाळी ती पासष्टच्या आसपास होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मॅजेस्टिक थिएटरही पाडले गेले. तरी तो दिवस आपण तारखेनिशी सांगू शकतो, कारण त्या काळच्या वर्तमानपत्रांत बातम्या आणि जाहिराती छापून आल्या. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले. सॅम्युअल शेपर्ड या पत्रकाराने १९१७ साली मुंबईतल्या जागांच्या आणि रस्त्यांच्या नावांवर आख्खे पुस्तक काढले. अशा माणसांनी गल्लीबोळांकडे लिहिण्याजोगा विषय म्हणून पाहिले, म्हणून आज कोशकाराच्या पायाखाली जमीन आहे.

माझ्या मते गिरगावला स्वतंत्र नोंद हवीच, आणि खोताच्या वाडीलाही. पण शेजारच्या एखाद्या वाडीत तेवढेच भरगच्च आयुष्य जगले गेले असेल आणि त्यावर कुणी ओळही लिहिली नसेल, तर तिच्यासाठी मी आज नोंद मागणार नाही. आठवणींवर रचलेले पान दुसऱ्या कुणाला पडताळून पाहता येत नाही. त्या वाडीवर आधी कुणीतरी नीट अभ्यास करून लिहायला हवे.

त्यासाठीचा कच्चा माल मात्र लोकांच्या घरात पडून आहे. गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, शाळेच्या शतकमहोत्सवाचे अंक, चाळीच्या भाडेपावत्या, नाट्यप्रयोगांची हस्तपत्रके. मंडळाने स्वतःविषयी छापलेली स्मरणिका ज्ञानकोशाला पुरेशी ठरत नाही, पण इतिहास लिहिणाऱ्याला ती सोन्यासारखी असते. इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा माळ्यावरची ही बोचकी सर्वांत आधी रद्दीत निघतात. तुमच्याकडे असतील तर त्यांवर साल लिहा, फोटोतल्या जागांची नावे मागे टिपून ठेवा आणि ती जवळच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्या.