गिरण्या, खाणी आणि सहलीचा दिवस

मँचेस्टर, शेफील्ड आणि डर्बी या इंग्लंडमधल्या औद्योगिक शहरांच्या मधोमध डर्बिशायर डेल्स हा ग्रामीण जिल्हा पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारे ७९० चौरस किलोमीटर, लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. मॅटलॉक, बेकवेल आणि ॲशबोर्न ही बाजाराची गावे सोडली, तर बाकी सारा प्रदेश चुनखडीच्या टेकड्यांचा, दगडी गडग्यांनी आखलेल्या कुरणांचा आणि अरुंद दऱ्यांचा. त्याचा बराचसा भाग पीक डिस्ट्रिक्ट या ब्रिटनमधल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात मोडतो. हे उद्यान १९५१ साली स्थापन झाले. शहरे जवळ असल्याने सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी मंडळी येथे खूप. पाहण्याजोगी बहुतेक ठिकाणे मात्र पर्यटकांसाठी उभारलेली नाहीत. सरदारी वैभव, खाणकाम, गिरण्या आणि रेल्वे यांच्या पडत्या काळानंतर त्यांना हा नवा उपयोग सापडला.

त्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे डरवेंट नदीकाठचा चॅट्सवर्थ हा डेव्हनशायरच्या ड्यूकांचा प्रासाद. या ड्यूकांच्या कॅव्हेंडिश घराण्याकडे ही जहागीर १५४९ पासून आहे. प्रासादाचा मुख्य भाग १६८७ ते १७०७ या काळात नव्याने बांधला गेला. दालनांतली चित्रे आणि शिल्पे पाहून लोक बागेकडे वळतात. तेथील एम्परर कारंजे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने १८४४ साली रशियाच्या झारच्या स्वागतासाठी उभारले. झार काही आला नाही. टेकडीवरच्या तलावातले पाणी नळातून खाली येते आणि उताराच्या दाबानेच वर उसळते, पंप लागत नाही. पॅक्स्टनने १८३०च्या दशकात येथल्या काचगृहात केळीही वाढवली आणि तिला कॅव्हेंडिश हे मालकांचे नाव मिळाले. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन ही केळी त्याच गटातली. मुलांचा ओढा असतो तो आवारातल्या पशुपालन केंद्राकडे. तेथे गाईंचे दूध काढताना पाहता येते.

दक्षिणेला मॅटलॉक बाथच्या दरीत पूर्वी लोक कोमट पाण्याच्या झऱ्यांसाठी येत. आता रोपवेने ‘हाइट्स ऑफ अब्राहम’ या टेकडीवर जाता येते. हा रोपवे १९८४ साली सुरू झाला. वर गेल्यावर शिशाच्या जुन्या खाणींतून वाटाड्याबरोबर फिरवतात. जवळच क्रॉमफर्डला रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी सुरू केली. यंत्रे, ठरलेल्या पाळ्या आणि कामगारांसाठी घरे ही तिची पद्धत पुढे कारखानदारीचा नमुना ठरली. तेथून डर्बीपर्यंतचा गिरण्यांचा पट्टा २००१ पासून जागतिक वारसा आहे.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर पायी आणि सायकलने जाण्याच्या वाटा झाल्या आहेत. बेकवेलजवळच्या मॉन्सल वाटेवरची रेल्वे १९६८ साली थांबली. २०११ मध्ये तिचे बोगदे खुले झाले आणि सुमारे १४ किलोमीटरची सलग वाट तयार झाली. चढ अगदी सौम्य असल्याने लहान मुले आणि चाकाची खुर्ची वापरणारेही तिच्यावर सहज फिरतात. फिरून आल्यावर बेकवेलमध्ये मुरंबा, अंडी आणि बदाम घातलेले तेथले पुडिंग खाण्याचा रिवाज आहे.

ईम हे गाव वेगळ्या कारणाने ओळखले जाते. १६६५ साली येथे प्लेग शिरला, तेव्हा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी स्वतःला कोंडून घेतले, म्हणजे साथ शेजारच्या गावांत जाऊ नये. बाहेरचे लोक शिवेवरच्या दगडाशी अन्नधान्य ठेवत. त्याचे पैसे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले जात. सुमारे २६० माणसे दगावली. त्यांच्या घरांपुढे आज नावांचे फलक आहेत.

कोणत्या महिन्यात जावे, हे गावांच्या उत्सवांवरून ठरते. लेंट या उपवासकाळाच्या तोंडावर ॲशबोर्नमध्ये सारे गाव दोन तट करून दोन दिवस फुटबॉल खेळते. दोन्ही गोल जवळजवळ पाच किलोमीटर अंतरावर असतात. वसंतात टिसिंग्टनच्या विहिरी ओल्या मातीच्या फळ्यांवर पाकळ्या, बिया आणि शेवाळ रोवून केलेल्या चित्रांनी सजतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी सर्वाधिक असते. शरद ऋतूत मॅटलॉक बाथच्या नदीवर दिव्यांनी सजवलेल्या होड्या निघतात आणि नाताळात चॅट्सवर्थची दालने सजतात. तेव्हा दिवस लहान असल्याने सकाळीच निघावे लागते.