बाटलीवरचे नाव आणि जिभेचा कौल

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले आणि नाताळची सुटी जवळ आली, की मध्यमवर्गीय घरांतून एक वेगळीच लगबग सुरू होते. परगावी किंवा परदेशी स्थायिक झालेले आप्त घरी येतात. त्यांच्या सामानात मुलांसाठी चॉकलेटे असतात आणि कपड्यांच्या घड्यांत जपून आणलेली एक बाटलीही असते. ती प्रथम कपाटात जाते, वडीलधाऱ्यांची निजानीज झाल्यावर गच्चीवर येते, आणि मग तिच्याविषयी जे बोलले जाते त्यात चवीपेक्षा किमतीचा आणि किमतीपेक्षाही नावाचा उल्लेख अधिक असतो. ‘ही तिकडची आहे बरं का!’ एवढे वाक्य कोणी उच्चारले, की पहिला घोट घेण्यापूर्वीच चवीचा निकाल लागलेला असतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ही गोष्ट सहजासहजी पचत नाही. ग्राहक विवेकी असतो, वस्तूपासून मिळणारे समाधान आणि तिची किंमत यांचा मेळ घालून तो पैसा खर्च करतो, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर वक्ररेषा काढून शिकवीत आलो आहोत. अर्थात, काही वस्तू माणूस वापरण्यासाठी कमी आणि दाखविण्यासाठी अधिक घेतो, हे थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच सांगून ठेवले आहे. २००८ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी याच्याही पुढची गोष्ट दाखविली. एकच वाइन दोन निरनिराळ्या किमती सांगून दिली असता महाग म्हणून दिलेली वाइन लोकांना अधिक आवडली. इतकेच नव्हे, तर मेंदूच्या सुखसंवेदनेशी निगडित भागातील हालचालही त्या वेळी वाढलेली आढळली. म्हणजे ती माणसे खोटे बोलत नव्हती. किंमत ऐकूनच त्यांना अधिक सुख झाले होते.

मग किंमत आणि नाव दोन्ही झाकून ठेवली तर काय होईल? गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही हा प्रयोग करून पाहिला. पिणारे आम्ही चौघे होतो : लंडनहून आलेले माझे साडू, एक निवृत्त मुख्याध्यापक, तहसील कचेरीतील अव्वल कारकून, ज्यांना सारे गाव ‘अण्णा’ म्हणते, आणि मी. सर्वांजवळ रीतसर परवाने होते. पाचवे आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे सहकारी. ते या पदार्थाला स्पर्श करीत नाहीत, म्हणूनच परीक्षा-नियंत्रकाचे काम त्यांच्याकडे सोपविले होते. आतल्या खोलीत त्यांनी चार बाटल्यांमधून सारख्या पेल्यांत अगदी थोडे थोडे ओतले आणि पेल्यांखाली क्रमांकांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. साडूंनी आणलेली बारा वर्षांची मिश्र स्कॉच, स्कॉटलंडच्या आयला बेटावरील एक धुरकट सिंगल माल्ट, बंगळुरूची सिंगल माल्ट आणि गावातल्या दुकानात सर्वाधिक खपणारी साधी व्हिस्की, असे चार परीक्षार्थी होते.

नियंत्रकांनी प्रारंभीच दोन आज्ञा केल्या. पहिली, लसणीची शेव आणि चकली तोंडाला लावायची नाही. मसाल्याने जीभ एकदा बधिर झाली की सर्व व्हिस्क्या समान होतात. साध्या उकडलेल्या शेंगांवर भागवावे. दुसरी, प्रत्येक पेल्यात चमचाभर पाणी. यावर साडूंनी हरकत घेतली. पाण्याने व्हिस्की बिघडते, असा त्यांचा समज होता. नियंत्रकांनी त्यांना शांतपणे सांगितले, की व्हिस्कीला धुरकट गंध देणारा ग्वायकॉल नावाचा रेणू पाणी घातल्यावर द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो, असे स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीच्या आधारे दाखविले आहे. साडू निरुत्तर झाले.

निकाल मोठा उद्बोधक होता. साडूंनी बंगळुरूच्या पेल्याला पहिला क्रमांक दिला आणि ‘हीच मी आणलेली’ असे छातीठोकपणे सांगितले. मुख्याध्यापकांनी आयला बेटाचा पेला हुंगताच बाजूला सारला. त्यांना शाळेतल्या प्रथमोपचाराच्या पेटीची आठवण झाली. मला मात्र त्याच पेल्यात होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या राखेचा ओला वास आला आणि तो आवडला. माझी फजिती दुसरीकडे झाली. गावातल्या दुकानातील व्हिस्कीला मी स्कॉच समजून दुसऱ्या क्रमांकाचे गुण देऊन बसलो होतो. एकट्या अण्णांनी तो पेला नाकाशी नेताच ओळखला. ‘ही आपली नेहमीची,’ असे म्हणून त्यांनी तिला शेवटचा क्रमांक दिला. ‘मग नेहमी तीच का घेता?’ असे मी विचारले. त्यावर अण्णा म्हणाले, ‘सर, इथं चारांतून निवडायचं होतं. दुकानात माझ्यापुढं चार असतात का?’

या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. ते शोधायचे तर आपण ज्याला व्हिस्की म्हणतो ते मुळात काय आहे, येथून सुरुवात करावी लागते.

स्कॉटलंडमध्ये २००९ च्या नियमांनुसार स्कॉच व्हिस्की केवळ धान्यापासूनच गाळावी लागते, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षे मुरवावी लागते आणि तीत किमान ४० टक्के मद्यार्क असावा लागतो. सातूला मोड आणून, तो वाळवून, आंबवून, तांब्याच्या भांड्यांत गाळलेली एकाच आसवनीतील व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. आयला बेटावर तो सातू वाळविताना दलदलीत साचलेल्या वनस्पतींच्या मातीचा, म्हणजे ‘पीट’चा, धूर देतात, मुख्याध्यापकांच्या त्या औषधी वासाचे मूळ तेथे आहे. आपल्याकडील सर्वसाधारण व्हिस्कीची घडण वेगळी असते. जवळजवळ गंधहीन होईपर्यंत शुद्ध केलेला मद्यार्क, त्यात थोडे माल्ट, काही वेळा थोडी स्कॉच, आणि रंगासाठी कॅरॅमल. हा मद्यार्क धान्याचा असू शकतो, तसाच साखर कारखान्याच्या मळीचाही असू शकतो. मळीपासून निघालेल्या मद्याला जगात अन्यत्र रमच्या कुळात घालतात. युरोपात तर ते व्हिस्की या नावाने विकताच येत नाही. आपल्या सरकारी परिभाषेत मात्र या सर्वांना ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असे भारदस्त नाव आहे. ऊस आपला, पाणी आपले, पिणारा आपला. विदेशी ते काय, एवढाच प्रश्न उरतो.

याचा अर्थ भारतात उत्तम व्हिस्की होत नाही असा मुळीच नव्हे. बंगळुरूच्या ‘अमृत’ने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगो शहरात विक्रीस ठेवली. समीक्षक जिम मरे यांच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत त्यांच्या ‘फ्यूजन’ला जगात तिसरे स्थान मिळाले. गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणारी ‘पॉल जॉन’ २०१२ पासून बाजारात आहे. हरियाणातील ‘इंद्री’च्या खास दिवाळीसाठी काढलेल्या आवृत्तीने २०२३ मध्ये अमेरिकेतील एका स्पर्धेत सर्वोच्च बहुमान मिळविला. साडूंची जीभ चुकली नव्हती, असेच म्हणावे लागेल. चुकले होते ते त्यांचे अनुमान.

‘पण आमची बारा वर्षांची आहे’, असा त्यांनी शेवटचा बचाव केला. येथे अर्थशास्त्रातील घसाऱ्याचे गणित उपयोगी पडते. पिंपात मुरताना व्हिस्कीचा काही अंश हवेत उडून जातो. स्कॉच लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला सुमारे २ टक्के, तर बंगळुरूच्या हवेत १० ते १२ टक्के असतो. १०० लिटर ठेवले, तर बारा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये सुमारे ७८ लिटर हाती लागेल. बंगळुरूत १० टक्के धरले तरी अवघे २८. उष्ण हवेत मुरण्याची क्रियाही तितकीच जलद होते. म्हणून तेथील चार-पाच वर्षे आणि इथली चार-पाच वर्षे एका मापाने मोजता येत नाहीत. बाटलीवरचा वर्षांचा आकडा खरा असतो. त्यावरून दोन देशांची तुलना करणे मात्र चुकीचे असते.

आता अण्णांचा प्रश्न. पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यावरील उत्पादन शुल्क हा राज्याचा विषय आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने, लिटरला २६० रुपयांपर्यंत जाहीर उत्पादनमूल्य असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क त्या मूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट केले. स्थूल हिशेब असा : उत्पादनमूल्य लिटरला २०० रुपये धरले, तर पाऊण लिटरच्या बाटलीत १५० रुपयांचा माल येतो आणि त्यावर ६७५ रुपये शुल्क बसते. विक्रीकर आणि दुकानदाराचा नफा निराळा. कर जबर आहे, ही माझी तक्रार नाही. मद्यावर कर जबर असावाच. तक्रार कराच्या रचनेविषयी आहे. एखाद्या प्रामाणिक उत्पादकाने बाटलीत दहा रुपयांचे माल्ट अधिक घालायचे ठरविले, तर त्या दहांवर ४५ रुपये शुल्क चढते आणि ग्राहकाला किमान ५५ रुपये अधिक मोजावे लागतात. मद्यार्क तेवढाच राहिला, नशा तेवढीच राहिली. केवळ माल सुधारला म्हणून हा दंड. अशा व्यवस्थेत स्वस्त गटातील उत्पादक माल सुधारण्याच्या भानगडीत कशाला पडेल?

दुसऱ्या टोकाला चित्र उलट आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारानुसार स्कॉचवरील १५० टक्के सीमाशुल्क अंमलबजावणीच्या आरंभीच ७५ टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर यावयाचे आहे. करार वाईट आहे असे नव्हे. परंतु त्यातील सवलत साडूंच्या कपाटापर्यंत पोहोचते. अण्णांच्या दुकानापर्यंत पोहोचेल असे दिसत नाही.

येथे वाचकांपैकी कोणी रास्तपणे विचारील, की दारूने घरेच्या घरे उद्ध्वस्त होत असताना तिच्या चवीची चर्चा वृत्तपत्रात कशाला? संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यबंदीचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे. आपल्या गावोगावच्या स्त्रियांनी ‘आडवी बाटली’वर शिक्का मारून दुकाने बंद पाडली आहेत, आणि त्यांच्या त्या कौलामागचे दुःख ज्याने जवळून पाहिले आहे तो या विषयावर हलकेपणाने लिहिणार नाही. आमच्या नियंत्रकांनी पेल्याला स्पर्श न करण्यामागेही त्यांच्या घरचा असाच एक इतिहास आहे. परंतु त्याच कारणास्तव कर बाटलीतील मद्यार्कावर बसवावा, मालाच्या दर्जावर नव्हे. ब्रिटनमध्ये शुद्ध मद्यार्काच्या लिटरवर शुल्क घेतात. आपले राज्यही देशी दारूवर मद्यार्काच्या प्रमाणातच ते घेते. अपाय करतो तो मद्यार्क. तो महाग व्हावा, हे समजण्याजोगे आहे. सातू महाग करण्यात कोणाचे हित आहे?

दुसरी मागणी त्याहून साधी आहे. बाटलीच्या दर्शनी बाजूस, ठळक मराठी अक्षरांत, तीन गोष्टी छापाव्यात : मद्यार्क धान्याचा की मळीचा, माल्टचे प्रमाण किती टक्के, आणि ते माल्ट पिंपात किती वर्षे होते. सोनेरी मुकुट, घोडे आणि किल्ले यांची चित्रे खुशाल असू द्यावीत. तेलाच्या डब्यावर आतले तेल कोणते हे लिहिलेले असते. व्हिस्कीच्या ग्राहकाने चित्रे पाहून समाधान मानावे, असा दंडक का असावा?

या सुटीतही गच्च्यांवर बाटल्या उघडतील. ज्यांचे वय पंचवीस पूर्ण झाले आहे, ज्यांना प्रकृतीची आणि घराची आडकाठी नाही, त्यांनी एकदा नावे झाकून, थोडे थोडे घेऊन, हा प्रयोग करून पाहावा. अनेकांची जीभ त्यांच्या खिशापेक्षा आणि अभिमानापेक्षाही अधिक प्रामाणिक आहे, असा प्रत्यय येईल. आमच्या प्रयोगानंतर उरलेल्या बंगळुरूच्या बाटलीतून आणखी थोडे घेण्याचा आग्रह आम्ही अण्णांना केला. त्यांनी पेला पालथा घातला. ‘सवय लागली तर पगार पुरायचा नाही,’ असे हसत म्हणून ते जिना उतरले.