खेळाच्या सामानाचें लहान दुकान

खेळाच्या सामानाचा लहान दुकानदार विकतो काय? बॅट, चेंडू, रॅकेट, असें उत्तर सहज दिलें जातें. पण तें अपुरें आहे.

बोईसरजवळच्या बेटेगांवांतील एखाद्या मुलाला पहिली बरी बॅट घ्यावयाची आहे असें समजावें. तारापूरचें अणुवीजकेंद्र 1969 सालीं सुरू झालें, पुढें कारखाने वाढले, आणि पगारदार कुटुंबांबरोबर असल्या वस्तूंची मागणीहि या भागांत वाढली. चांगल्या मालासाठीं मुंबईचा धोबीतलाव गांठण्याची चाल जुनी. 2013 सालीं उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावूं लागल्या आणि ती वाट सोपी झाली. पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर खेळायलाहि आगगाडीनेंच मुंबईस जात असे. त्याच वर्षीं ॲमेझॉननें हिंदुस्थानांत आपला बाजार मांडला, आणि मग बॅटच घरीं चालत येऊं लागली!

मोठीं भांडारें घाऊक माल घेतात, म्हणून त्यांना तो स्वस्त पडतो. लहान दुकानदारास मीरत-जालंदरच्या मालावर मधल्या व्यापाऱ्याचा नफा भरावा लागतो. शिवाय मुलांच्या बॅटींचीं एक ते सहा मापें, वर हॅरो आणि पुरें माप. एकेक नग ठेवला तरी भांडवल अडकून पडतें. पावसाळ्यांत तर मैदानेंच बंद.

तथापि खरें दुखणें निराळें आहे. गिऱ्हाईक दुकानांत येतें, चार बॅटी हातांत तोलून पाहतें, दुकानदाराकडून मापाचा सल्ला घेतें, आणि घरीं जाऊन तीच वस्तू दुसरीकडून मागवितें. पाश्चात्य देशांतील गोल्फच्या दुकानदारांचें गाऱ्हाणें नेमकें हेंच आहे. काठी अंगाला बेतून पाहावयाची त्यांच्याकडे, विकत घ्यावयाची भलतीकडे!

आणि सल्ला म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. उघड्या लाकडाच्या नव्या बॅटीला कच्चें जवसाचें तेल लावून ती लाकडी हातोडीनें कित्येक तास ठोकावी लागते. नाहींतर कठीण चेंडूनें तिची कड फुटते. मुठीचें रबर बदलणें, रॅकेटची जाळी योग्य ताणानें विणणें, हीं कामें टपालानें येत नाहींत. दुकानदार मात्र तीं विक्रीच्या भरीला फुकट किंवा नाममात्र दरानें करून देतो. बॅट विकली गेली तोंवर हें ठीक होतें. आतां या कामांचा दर पाटीवर लिहून ठेवावा आणि दुसरीकडून आणलेली बॅटहि आनंदानें ठोकून द्यावी, हें बरें. पुष्कळांना यांत कमीपणा वाटतो. तो वाटूं नये. शिंप्याला कापड कोणाच्या दुकानचें, असें कोणी विचारीत नाहीं.