कमी पाण्यात धुळीशी सामना : बीड जिल्ह्यातल्या घरांसाठी

आजचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. धूळ. सकाळी झाडलं, दुपारी पुन्हा बोट फिरवलं की टेबलावर रेघ उमटते. आपल्याकडे ‘दसरा काढायचा’ म्हणजे घटस्थापनेच्या आधी घर डोक्यापासून पायापर्यंत धुऊन काढायचं, ही जुनी रीत आहे. पण दसरा वर्षातून एकदा येतो आणि धूळ रोज येते. त्यातून आपला जिल्हा अवर्षणाचा. टीव्हीवर, मोबाईलवर सांगतात, ‘रोज ओल्या फडक्यानं पुसा, पडदे दर आठवड्याला धुवा.’ नळाला आठवड्यानं पाणी येतं तिथं हा सल्ला काय कामाचा? म्हणून आज आपण प्रश्न असा मांडू : पाणी कमी असताना घरातली धूळ कमी कशी करायची, आणि मुळात ती येऊच नये म्हणून काय करायचं?

आधी, ही धूळ आहे तरी काय?

घरातली धूळ एकाच गोष्टीची नसते. तिचे तीन भाग करू. पहिला भाग बाहेरून येणारा : माती, रस्त्यावरची भुकटी, राख, परागकण. दुसरा भाग घरातच तयार होणारा : कपड्यांचे आणि कापसाचे तंतू, आपल्या कातडीचे बारीक कोंडे, चुलीची काजळी, उदबत्तीची राख, पिठाची भुकटी. तिसरा भाग सजीव : बुरशीचे कण आणि गादी-गोधडीत राहणारे धुळीतले सूक्ष्म किडे. हे किडे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत, पण त्यांच्या विष्ठेमुळे कित्येकांना शिंका आणि दमा सुरू होतो.

आता बीडपुरतं बोलू. आपली बरीचशी जमीन बेसॉल्ट खडकापासून झालेली काळी माती आहे. ती ओली असताना फुगते, चिकटते. वाळली की भेगाळते आणि तिची भुकटी होते. पाऊस मोजकाच, त्यामुळे वर्षातले सात-आठ महिने जमीन उघडी आणि कोरडी. उन्हाळ्यात दुपारी वावटळ उठते, वळवाच्या आधी वादळ येतं, आणि रानातली माती थेट माजघरात. त्यात भर म्हणजे धुळे–सोलापूर महामार्ग क्रमांक ५२, गेवराई-बीडवरून जाणारी वाहतूक आणि खडी केंद्रं. हंगामात तूर-सोयाबीनची मळणी. कापसाच्या जिनिंगमधला तंतू. आणि परळीला औष्णिक वीज केंद्र. तिथं आज प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असतं. म्हणजे तीन टन कोळसा जाळला की साधारण एक टन राख उरते. ही राख वीट-सिमेंटला उपयोगी आहे, वाया घालवायची वस्तू नाही. पण ती कोरडी उघड्या वाहनातून नेली, किंवा राखेचा तलाव वाळला, की वाऱ्याबरोबर घराघरांत पोचते.

कण किती मोठा, यावर सगळं अवलंबून

इथं थोडं गणित बघू, कारण झाडण्याची पद्धत त्यावरच ठरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाका-घशात अडकतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुफ्फुसात खोलवर जातात.

आता समजा, झाडताना मातीचे कण डोक्याइतके उंच उडाले आणि घरातली हवा अगदी निश्चल आहे. ५० मायक्रॉनचा कण काही सेकंदांत खाली बसतो. १० मायक्रॉनच्या कणाला तीन-चार मिनिटं लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला पाऊण ते एक तास. आणि एक मायक्रॉनचा कण चार-पाच तास तरंगत राहतो. पंखा चालू असेल तर त्याहूनही जास्त.

याचा अर्थ काय? जोरात कोरडा फडा मारला की जाड कचरा सुपलीत येतो, आणि सगळ्यात घातक बारीक धूळ आपण हवेत पाठवतो. लगेच पुसून घेतलं तरी ती अजून वरच आहे. तासाभरानं ती पुन्हा फरशीवर, भांड्यांवर, अंथरुणावर. मग आपण म्हणतो, ‘आत्ता तर झाडलं होतं!’

हा त्रास सर्वांत जास्त कुणाला? झाडणाऱ्या बाईला, कारण तिचं नाक त्या ढगातच असतं. रांगणाऱ्या मुलाला, कारण ते जमिनीलगत श्वास घेतं आणि हात तोंडात घालतं. आणि दमेकरी म्हाताऱ्या माणसांना. म्हणून ही गोष्ट नुसत्या टापटिपीची नाही. भारतात १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी बाहेरच्या हवेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ६०. पण घराच्या आत मोजायला कुणी येत नाही. तिथं आपणच पहारेकरी.

मग करायचं काय?

पहिलं काम घराबाहेर. दारापुढची पाच-सहा फूट जागा धुळीला आत येण्याची शेवटची पायरी असते. तिथं फरशी, दगड, निदान मुरूम चोपून घ्यावा. सडा टाकण्याची आपली पद्धत इथं खरोखर कामाची आहे. मात्र त्यासाठी प्यायचं पाणी वापरू नका. भाजी धुतलेलं, अंघोळीचं पाणी साठवून शिंपडा. रस्त्याच्या बाजूला कडुनिंब, कन्हेर, मेंदी असं कमी पाण्यावर जगणारं कुंपण लावलं, तर बरीच धूळ पानांवरच अडते. गाजर गवत मात्र फुलण्याआधी मुळासकट उपटा. १९५५च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत आज सगळीकडे आहे आणि त्याच्या परागांनी सर्दी, खाज सुरू होते. उपटताना हातात मोजे किंवा पिशवी घाला.

दुसरं काम उंबऱ्यावर. चप्पल बाहेर, पाय धुऊन आत, हे आपले आजी-आजोबा सांगायचे. त्यात सोवळ्याइतकंच शहाणपण होतं. पाणी नसेल तर जाड पोत्याचं पायपुसणं बाहेर आणि कापडाचं आत, अशी दोन ठेवा. बाहेरचं रोज झटका, पण दारापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, खडी केंद्रावर किंवा मळणीवर काम करणाऱ्यानं कामाचे कपडे ओसरीवरच बदलावेत. ते कपडे घरात झटकू नयेत आणि लेकरांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

तिसरं, दारं-खिडक्या. दिवसभर बंद ठेवणं हा उपाय नाही. घरात चूल असेल तर धूर कोंडेल. वेळ बघा : पहाटे आणि रात्री वारा शांत असतो, तेव्हा सगळं उघडा. दुपारी वारा सुटला की रस्त्याकडची, रानाकडची बाजू लावून घ्या आणि विरुद्ध बाजू उघडी ठेवा. उन्हाळ्यात यानं घरही थंड राहतं. दाराखालच्या फटीत जुन्या कापडाची गुंडाळी ठेवा. पडदा हवा असेल तर पातळ सुती, झटपट धुता येणारा.

चौथं, छत आणि जमीन. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात वरून माती गळते. जुन्या साड्या जोडून खाली छत ताणलं तर ती अडते, पण ते छत वर्षातून दोनदा उतरवून धुवायलाच हवं, नाहीतर तेच धुळीचं कोठार होतं. शेणानं सारवलेली जमीन चांगली असेपर्यंत माती धरून ठेवते. पापुद्रे सुटायला लागले की तीच धूळ देते, म्हणून सारवण्यात खंड पडू देऊ नका. शहाबादी फरशी असेल तर सांधे सिमेंटनं भरून घ्या.

आता रोजचं झाडणं. क्रम असा ठेवा : आधी वर, मग खाली. पंख्याचं पातं जुन्या उशीच्या खोळीत घालून पुसलं की धूळ खोळीतच राहते. फळ्या, टीव्ही ओलसर फडक्यानं पुसा. पंखा बंद करा, मुलांना बाहेर पाठवा आणि मग झाडा. फडा उचलून आपटायचा नाही, जमिनीला टेकवून हळू ओढायचा. झाडण्याआधी हातानं थोडं पाणी शिंपडा, किंवा ओलसर केलेला लाकडी भुसा पसरून तो झाडत न्या. बारीक धूळ त्याला चिकटते. पुसायला मोठी बादली लागत नाही. दोन भांडी घ्या, एकात फडकं धुवायचं, दुसऱ्यात स्वच्छ पाण्यात पिळायचं. घट्ट पिळलेलं फडकं चालतं. उलट जास्त ओलं असेल तर चिखल पसरतो. पाणी एकदाच पुरेल इतकं असेल, तर झोपायची खोली आणि स्वयंपाकाची जागा आधी पुसा. नाकाला बांधलेला रुमाल जाड धूळ अडवतो, बारीक नाही. दमा असलेल्यानं एन-९५ मुखपट्टी वापरावी, आणि शक्य असेल तर झाडण्याचं काम घरातल्या दुसऱ्यानं करावं. हे काम फक्त बाईचंच, असं कुठं लिहिलेलं नाही.

अंथरुणाचं वेगळं सांगतो. धुळीतले किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते कमी असतात आणि पावसाळ्यात वाढतात. आता दसरा काढण्याकडे पुन्हा बघा. पावसाळा संपत आलेला, नदी-विहिरीला पाणी आलेलं, ऑक्टोबरचं कडक ऊन पुढं. नेमक्या त्याच वेळी गोधड्या धुवायच्या! रीत अगदी बरोबर वेळेवर बसलेली आहे. त्यात एवढंच जोडा : एरवीही पंधरा दिवसांनी गोधड्या उन्हात टाका आणि अंगणाच्या कडेला झटका, खोलीत नाही.

शेवटचा मुद्दा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा. आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोवर घर बंद. जाताना अंथरुणं पत्र्याच्या पेटीत किंवा तोंड बांधलेल्या पोत्यात ठेवा, भांडी पालथी घाला, चुलीतली राख काढून टाका, फटी बुजवा. परत आल्यावर थकलेलो असतो, लगेच झाडून लेकरांना झोपवावंसं वाटतं. तसं करू नका. आधी सगळी दारं उघडा आणि मुलं, म्हातारी माणसं एक-दोन तास झाडाखाली बसवा. उंदरांच्या लेंड्या असतील तर त्या कोरड्या झाडू नका, पाणी शिंपडून भिजवा आणि मग उचला. बाकीचं नंतर.

हे सगळं करूनही खोकला दोन आठवड्यांत हटत नसेल, रात्री छातीत घरघर होत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर ‘धुळीनं झालंय’ म्हणून घरी बसू नका. जवळचं आरोग्य केंद्र, बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथं दाखवा. लांबलेला खोकला क्षयाचाही असू शकतो.

आणि एक लक्षात ठेवा. उघड्या वाहनातली राख, पाणी न मारता चाललेली खडी, महिनोन्‌महिने खोदून ठेवलेला रस्ता, ही धूळ फडक्यानं संपणार नाही. ते प्रश्न ग्रामसभेत, नगरपालिकेत लेखी मांडायचे, तारीख घालून आणि पोच घेऊन. वाहनाला ताडपत्री लावा, रस्त्यावर पाणी मारा, ही मागणी अवास्तव नाही. घरात फडा आपण चालवू, पण घराबाहेरची धूळ ज्यांनी रोखायची, त्यांना तिचा हिशेब विचारणं हेही घर स्वच्छ ठेवण्याचंच काम आहे.