इंजिन नवं बांधलं, तरी गळतंय? पाना उचलायच्या आधी हे ऐका

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आज जरा हात काळे करूया. मागच्या भागात मी आमच्या फार्गो ट्रकचं इंजिन पुन्हा बांधल्याचं सांगितलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "चालू झालं का?" झालं. पहिल्याच दिवशी झालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बघितलं तर फरशीवर दोन डबकी. एक काळं, एक हिरवं.

आज त्या दोन डबक्यांबद्दल बोलायचंय. त्यांच्यापायी मी एका माणसाला नको ते बोलून बसलो. तेही सांगणार आहे, कारण खरा धडा तिथेच मिळाला.

आधी गाडीची ओळख, नवीन ऐकणाऱ्यांसाठी. ट्रक १९५६ चा. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ती कंपनी काढली. तिथे क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि फार्गो ट्रक बनायचे. आमच्या आजोबांनी हा ट्रक कोल्हापूरच्या गूळ बाजारात वर्षानुवर्षं चालवला. नंतर तो गोठ्यामागे उभा राहिला तो राहिलाच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीच्या पैशातून इंजिनकामाला रक्कम काढून दिली. अट एकच, खंडेनवमीला पूजा झाली की ट्रक स्वतःच्या चाकांवर गल्लीतून फिरला पाहिजे. माझ्या हातात तीन आठवडे होते.

इंजिन सहा सिलिंडरचं, पेट्रोलवरचं, फ्लॅटहेड. म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्ये बाजूला असतात. वरचं हेड म्हणजे नुसतं जाड बिडाचं झाकण. दुसऱ्या महायुद्धातल्या डॉज लष्करी गाड्यांत याच घराण्यातली इंजिनं होती. साधं आणि दणकट. पण गळायला लागलं की जागा शोधायला लावतं.

नवं इंजिन गळतंच का?

बोअर नवा, पिस्टन नवे, सगळी पॅकिंग नवी. मग गळावं का? कारण इंजिन उघडलं की प्रत्येक जोड नव्याने जमावा लागतो. सत्तर वर्षांचा पत्रा वाकलेला असतो. बिडाच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे असतात. आधी गाळ आणि गंजानेच काही भोकं बुजलेली असतात. आपण ब्लॉक धुऊन लख्ख करतो आणि ती मोकळी होतात. शिवाय नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसेपर्यंत थोडा जास्त वायू खाली चेंबरमध्ये उतरतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, गोष्टीत पुन्हा येणार आहे.

गळती दिसली की माझ्यासारखा नवखा काय करतो? पाना घेतो आणि दिसेल तो बोल्ट आवळतो. तेच चुकतं. आधी तीन प्रश्न विचारायचे. काय गळतंय? कुठून गळतंय? कधी गळतंय?

पहिला प्रश्न: काय?

गाडीखाली पुठ्ठा अंथरा. चाकांच्या जागा पेनने आखून ठेवा, म्हणजे पुठ्ठा हलला तरी थेंब कुठल्या भागाखाली पडला ते कळतं. ऑइल बोटाला गुळगुळीत लागतं आणि पुठ्ठ्यात हळूहळू पसरतं. कूलंट रंगीत, पाणीदार, जरासं चिकट असतं. ते चाखून बघू नका. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं, पण गोडसर लागतं, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात. डबकं लगेच पुसा.

याहून वाईट म्हणजे पाणी आतल्या आत ऑइलमध्ये जाणं. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर इंजिन चालू करू नका. बेअरिंगला ऑइलचा थर लागतो, पाणी मिसळलं की तो टिकत नाही आणि क्रँक खराब होतो. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चेंबरचा ड्रेन नट अगदी सावकाश सैल करा. पाणी जड असल्याने तळाला बसतं, म्हणून असेल तर आधी तेच येतं. मी हे केलं. स्वच्छ ऑइल आलं. तेव्हा कुठे हुश्श झालं.

हिरवं डबकं

कूलंटचे तीन उगम सापडले.

एक, खालच्या होज पाइपची क्लिप. रेडिएटरच्या ज्या तोंडावर पाइप चढतो तिथे गंजाचे खवले होते. पॉलिश पेपरने साफ केलं, नवी क्लिप लावली, पाच मिनिटांत संपलं.

दुसरा, ब्लॉकच्या बाजूचा कोअर प्लग. ब्लॉक ओतताना राहिलेली भोकं बुजवायला गोल पत्र्याची टोपणं मारलेली असतात, ती ही. आमच्या इंजिनात ती बशीसारखी फुगीर होती. फुगीर बाजू बाहेर ठेवून बसवायची आणि मध्यभागी बेताचा ठोका द्यायचा. बशी चपटी होते, कड बाहेर सरकते आणि भोकात घट्ट बसते. मी जोर जास्त लावला होता. बशी उलटी आत गेली आणि कड सैल पडली. अशा प्लगला नुसतं सिलिकॉन फासून चालत नाही. काढला, भोकाची कड घासून साफ केली, नवा प्लग थोडं सीलंट लावून बसवला.

तिसरा उगम सगळ्यात फसवा. दोन हेड बोल्टांच्या डोक्याखालून ओल येत होती. पहिला विचार, हेड गॅस्केट गेलं! पण रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. मग मॅन्युअल नीट वाचलं. या इंजिनात हेड बोल्टांची भोकं आत पाण्याच्या पोकळीत उघडतात. आट्यांवर सीलंट लावलं नाही तर पाणी आट्यांवरून चढत वर येतं. मी आट्यांना नुसतं ऑइल लावलं होतं.

उपाय असा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कूलंट हेडच्या खालपर्यंत काढा. एका वेळी एकच बोल्ट काढा, आटे ब्रशने साफ करा, कोरडे करा, न कडक होणारं थ्रेड सीलंट लावा आणि टॉर्क पान्याने परत आवळा. आमच्या इंजिनाला आकडा आहे ६५ ते ७० फूट-पाउंड. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. असे वीसेक बोल्ट. सगळी संध्याकाळ गेली, पण हेड उतरवायला लागलं नाही. रात्रभर सीलंट बसू दिलं आणि सकाळी कूलंट भरलं.

दोन इशारे देतो. पहिला, रेडिएटरच्या टोपणाचा. आजच्या गाडीचं साधारण १५ पीएसआयचं टोपण जुन्या रेडिएटरवर लावू नका. त्या काळच्या काही गाड्यांची टोपणं बिनदाबाची होती, काहींची ४ ते ७ पीएसआयची. जास्त दाब दिला तर जुने डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, फाटतात. प्रेशर टेस्टर वापरतानाही तीच मर्यादा पाळा. आणि गरम इंजिनाचं टोपण कधीही उघडू नका.

दुसरा इशारा हळदीचा. आपल्याकडे ड्रायव्हर लोक गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकतात. टाकली की खरंच थांबतं! बारीक कण भेगेत जाऊन अडकतात. घाटात अडकलात तर घरी पोचायला ठीक आहे. पण तेच कण रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतात. नव्या बांधलेल्या इंजिनात हळद टाकली तर गळती थांबेल आणि इंजिन तापायला लागेल.

काळं डबकं, आणि माझी चूक

हिरवं संपलं. खंडेनवमीला आठ दिवस राहिले होते आणि ऑइल चालूच.

आधी मी चेंबरचे बोल्ट आवळले. गळती वाढली, म्हणून अजून आवळले. बुचाचं पॅकिंग बाहेर सांडलं आणि चेंबरच्या पत्र्याची कड प्रत्येक बोल्टापाशी वर ओढली गेली. म्हणजे बोल्टापाशी घट्ट, दोन बोल्टांच्या मध्ये फट. चेंबर उतरवून, कड लाकडावर ठेवून हातोडीने सरळ करावी लागली. नवं पॅकिंग लावून बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे, बोटाने घट्ट आणि वर अर्धा फेरा इतपतच आवळले.

तरी मागून थेंब! गिअरबॉक्सच्या आणि इंजिनाच्या मधल्या घंटेच्या तळाला भोक असतं, तिथून. मी लगेच ठरवलं, क्रँकचं मागचं ऑइल सील. ते मिस्त्रीकाकांनी बसवलं होतं. मी फोन लावला आणि म्हणालो, "काका, सील नीट बसलेलं नाही. आता गिअरबॉक्स उतरवायचा खर्च कोणी करायचा?" पलीकडून काही क्षण आवाज नाही. मग एवढंच, "उद्या येतो."

आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण ट्रकखाली सरपटत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "सील काढायला दिवस जातो. आधी इंजिन श्वास घेतंय का बघूया."

इंजिन रॉकेलने धुतलं, पुसलं, वाळवलं. मागच्या बाजूला टाल्कम पावडर उडवली. ऑइल भरायच्या तोंडावरचं टोपण काढून तिथे रबरी हातमोजा ताणून बसवला. इंजिन चालू केलं. मंडळी, तो हातमोजा आशीर्वाद द्यायला हात वर करावा तसा ताठ उभा राहिला!

अर्थ सांगतो. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच चेंबरमध्ये उतरतो. जुन्या इंजिनात तो बाहेर जायला एक नळी असते. ती खाली रस्त्याकडे जाते आणि तोंड तिरपं कापलेलं असतं. गाडी धावली की खालून जाणारी हवा त्या तोंडातून वायू ओढून घेते, आणि भरायच्या टोपणाच्या जाळीतून ताजी हवा आत येते. नळी बंद झाली तर दाब साठतो आणि जिथे जागा मिळेल तिथून ऑइल ढकलतो. अशा वेळी सील नवं असो की जुनं, गळणारच.

काकांनी नळी सोडवली, आत तार घातली आणि बोळा ओढून काढला. निळ्या चौकटीचं फडकं. माझं. इंजिन रंगवताना आत रंग जाऊ नये म्हणून मीच कोंबलं होतं आणि विसरलो होतो.

काका काही बोलले नाहीत. फडकं माझ्या हातात दिलं, इतकंच. मला मात्र तिथे उभं राहवेना. सील त्यांचं अगदी बरोबर होतं.

नळी मोकळी करून पुन्हा पावडर मारली. घंटेपाशी ऑइल जवळजवळ थांबलं. पण पावडरीवर एक बारीक ओली रेघ उठली, थेट बाजूच्या टॅपेट कव्हरपासून मागे आणि खाली. म्हणजे थोडं ऑइल वरून येत होतं आणि घंटेवरून सील गेल्यासारखं टपकत होतं. कव्हरचं पॅकिंग बदललं. किरकोळ खर्च. मी गिअरबॉक्स उतरवायला निघालो होतो!

तिसरा प्रश्न: कधी?

हा प्रश्न मी सुरुवातीला विचारलाच नव्हता. विचारला असता तर फडकं लवकर सापडलं असतं. उभ्या, थंड गाडीतून गळत असेल तर जोड सैल आहे किंवा पॅकिंग खराब आहे. फक्त चालू इंजिनात, वेग वाढवला की वाढत असेल तर मागे दाब आहे. फक्त गरम असताना कूलंट येत असेल तर होज, टोपण, हेड बघा. आणि इंजिन तापून थंड झाल्यावर गळायला लागलं तर धातू आकसल्यावर उघडणारी फट शोधा. आमचं ऑइल फक्त चालू इंजिनात वाढायचं. उत्तर डोळ्यांसमोर होतं.

क्रम लक्षात ठेवा. धुवा, वाळवा, पावडर मारा, वरून खाली बघा. ओल्या भागातली सगळ्यात उंच जागा म्हणजे बहुतेक वेळा उगम. मग पाना.

आता कितपत गळलेलं चालतं? कूलंट एक थेंबही नाही. ऑइलच्या बाबतीत या पिढीतल्या इंजिनांशी जरा सबुरीने वागायचं. आमच्या पुठ्ठ्यावर आता रात्रीत तीन ठिपके पडतात. महिन्यातून एकदा डिपस्टिक बघतो, पातळी हललेली नाही. मी त्यांच्या मागे लागलेलो नाही.

खंडेनवमीला ट्रक गल्लीतून फिरला. अण्णा चालवत होते. शेजारी बसायचा मान मी मिस्त्रीकाकांना दिला आणि सगळ्यांसमोर फडक्याची गोष्टही सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी फडक्याला लांब दोरी बांध, बाहेर लोंबत राहील." हेही लिहून घ्या. बोळा कोंबाल तिथे दोरी ठेवा.

पुढच्या भागात ब्रेकबद्दल बोलू. तोपर्यंत आपल्या गाडीखाली एकदा पुठ्ठा टाकून बघा. भेटूच!